ज्युनिपरचा धूर

माझा भाऊ मर्डो नऊ महिने दारूची भट्टी पेटवत नव्हता आणि मी जगाला खोटं सांगत होते. एडिंबराहून दुकानदारांचे फोन आले की मी म्हणायचे, तांब्याच्या हंड्याला चीर गेली आहे, कारागीर मिळत नाही. हंडा ठणठणीत होता. बिघडला होता तो मर्डो.

त्याची बायको एफी फेब्रुवारीत गेली. फुप्फुसं गेली होती तिची, सात महिने अंथरुणावर होती. त्यांची जिन दोघांची म्हणून विकली जायची, पण खरं नाक एफीचं. पहिल्या धारेची फेकून द्यायची, मधली ठेवायची, शेवटची पुन्हा बाजूला काढायची, हे कुणीही सांगेल. मधली नेमकी कुठे सुरू होते ते मात्र तिलाच कळायचं. नळाखाली पेला धरायची, हुंगायची, आणि जमलं की पेल्यावर नखानं दोनदा टकटक करायची. मग मर्डो बरणी बदलायचा.

माझं आणि तिचं फारसं पटायचं नाही. ती मला तोंडावर ‘राणीसाहेब’ म्हणायची. मीही काही कमी नव्हते.

अंत्यविधीनंतर आठवड्यानं मी त्याच्याकडे सूप घेऊन गेले. मर्डो टेबलाशी बसला होता, समोर तिचा पेला. मी सूप वाढत होते आणि टकटक झाली. दोनदा. मर्डोचे दोन्ही हात मांडीवर होते.

“पाइप वाजला असेल,” मी म्हटलं.

“पाइप नाही गं ताई. ती आहे.” तो हसत होता. पुन्हा टकटक झाली, आणि पेल्यातलं पाणी हललं. माझ्या हातातला डाव खाली पडला.

मार्चमध्ये त्यानं एकदा भट्टी लावली. जिनला वास देणाऱ्या ज्युनिपर झुडपाच्या फळांची वाफ हंड्यातून घरभर झाली आणि एफी गप्प झाली. पाचव्या दिवशी टकटक आली, तीही अगदी क्षीण. मर्डोनं त्याच दिवशी भट्टीला कुलूप घातलं.

त्याचं चुकलं नव्हतं. आमच्या डोंगरावरची ज्युनिपरची फळं पूर्वी पोत्यांनी इन्व्हरनेसच्या बाजारात जायची आणि तिथून जहाजानं हॉलंडला. डचांनी त्यांची दारू केली, लंडननं ती ढोसून बायकापोरांची दैना केली, आणि आता आमचीच माणसं ती सुबक बाटल्यांत भरून विकतात. पण आमच्या घरांत ज्युनिपरचं काम त्याच्याही आधीपासून एकच आहे. जे घरात राहू नये ते बाहेर काढायचं.

वर्ष सरत आलं तोवर मर्डोनं पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली होती. जेवण पेल्यासमोर ठेवायचा आणि तसंच गार होऊ द्यायचा. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की असाच राहिला तर हा हिवाळा काढणार नाही. ते ऐकल्यावर मी ठरवलं. एफीला घालवायचं.

नव्या वर्षाच्या सकाळी आमच्याकडे घराला धूर देतात. दारं-खिडक्या बंद करायच्या, किल्लीच्या भोकातही चिंधी कोंबायची, आणि ज्युनिपरच्या फांद्या पेटवायच्या. घरातला प्रत्येक जीव खोकेपर्यंत काही उघडायचं नाही. सगळे खोकले की खिडकी उघडायची, घोटभर व्हिस्की प्यायची, झालं. मी सकाळीच फांद्यांची मोळी घेऊन मर्डोच्या दारात उभी राहिले.

“ताई, ते घरात आणू नकोस.”

“आईनं एक वर्ष चुकवलं नव्हतं.”

“आईच्या घरी कर ना मग. माझ्या घरी नको.”

“तुझ्या घरी आहे तरी काय? शिळा पाव आणि रिकामा पेला!”

“रिकामा नाहीये तो.”

“मर्डो, आरशात बघ एकदा. तुम्हा दोघांत मेलेलं कोण, ते परक्या माणसाला ओळखता यायचं नाही.”

तो हसला. “हे एफीला आवडलं असतं.” मग पेला छातीशी धरून खुर्चीत बसला. “कर. तुझी हौस होऊ दे. ती नाही जाणार.”

मी चिंध्या कोंबल्या आणि लोखंडी घमेल्यात फांद्या पेटवल्या. ओल्या पानांचा धूर पांढरा आणि जड असतो. पाहता पाहता मला समोरची भिंत दिसेना. पहिली मी खोकले. मग मर्डो खोकला, हट्टानं दाबून, पण खोकला. झालं, असं म्हणत मी खिडकीच्या कडीला हात घातला.

आणि तिसरं कुणीतरी खोकलं.

शेगडीजवळच्या एफीच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. आधी कोरडा, मग ओला, खोलवरून खरवडून निघालेला, शेवटी शिट्टीसारखा ओढलेला श्वास. तो खोकला मी ओळखत होते. मी टकटक घालवायला आले होते. खोकणारी बाई त्या खुर्चीत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

रीतीप्रमाणे सगळे खोकले होते, आता उघडायला हवं होतं. पण माझ्यानं उघडवेना. उघडलं की ती जाणार, आणि मर्डोचा तो चेहरा मला बघायचा नव्हता. मी भित्र्यासारखी उभी राहिले. खोकला वाढत गेला. मधे श्वासाला जागाच उरेना.

“एफी?” मर्डो उठला. धुरात चाचपडत तो खुर्चीपाशी गेला आणि वाकला. त्याचा हात हवेत वरून खाली फिरत होता, तिची पाठ चोळत असल्यासारखा. “हळू, हळू गं. घाई नको. घे, श्वास घे.”

तिला तो घेता येत नव्हता.

“ताई, खिडकी!” तो ओरडला. “तिचा जीव घुसमटतोय, दिसत नाही का तुला? सर बाजूला!”

त्यानं मला ढकललं आणि खिडकी सताड उघडली. मग दुसरी. मग दार. बर्फाची हवा आत घुसली आणि धूर लोंढ्यानं बाहेर पडला. “जा, बाहेर जा,” तो म्हणत होता, “बाहेर मोकळी हवा आहे. जा गं राणी, माझ्यासाठी थांबू नकोस.”

खोकला दारातून गेला. अंगणात एकदा आला, कुंपणापलीकडे एकदा. मग एक लांब, स्वच्छ श्वास ऐकू आला, तिनं कित्येक महिन्यांत घेतला नव्हता तसा. त्यानंतर नुसता वारा होता.

मर्डो दारातच उभा होता, नुसत्या सदऱ्यावर, थंडीत.

“नीट घेतला ना गं तिनं श्वास?”

“नीट घेतला. मी ऐकला,” मी म्हटलं.

तो उंबऱ्यावर बसून रडायला लागला. अंत्यविधीलाही तो रडला नव्हता. बऱ्याच वेळानं म्हणाला, भूक लागली आहे. मी हेच मागायला आले होते आणि मला ते मिळालं होतं. मी त्याच्यासाठी पाव कापायला घेतला, पण नजर त्या रिकाम्या खुर्चीकडेच जात राहिली, शेवटी सुरी त्याच्याकडे द्यावी लागली.