एका शिपायामागे एकच बायको

या गं बायांनो, जवळ सरका. तुम्हीही या, दादा, दाराशी का उभे? बार्टली काकांसारखा गळा मला देवानं दिला नाही. ते प्रवचन गाऊ लागले की बसलेल्यांच्या छातीतून आपोआप हुंकार निघायचा. मी साध्या बोलीत सांगते. पण ऐकाल तर केझाया तुमच्या मनातून जायची नाही, एवढा शब्द देते.

गुलामगिरीवरून पेटलेल्या उत्तर-दक्षिण युद्धाचं चौथं वर्ष. राष्ट्राध्यक्षांच्या जाहीरनाम्यानं बंडखोर राज्यांतले गुलाम मोकळे झाले होते. आमचं केंटकी सरकारशी एकनिष्ठ राहिलं, म्हणून इथल्या मालकांची मालमत्ता, म्हणजे आम्ही माणसं, जागच्या जागी शाबूत! सरकारी फौजेचा निळा कोट चढवणारा पुरुष तेवढा मोकळा व्हायचा. त्याची बायको मालकाचीच. तरी बायका पळून छावणीत येत, शिपायांचे कपडे धूत आणि मक्याच्या भाकरीवर दिवस काढत.

एका सोमवारी केझाया आणि मिन्टी एकाच हंड्यावर होत्या. त्यांचा शिपाई सायरस घोडदळाबरोबर व्हर्जिनियाच्या डोंगरात, बंडखोरांच्या मिठागरांवर चालून गेला होता. त्याचा जादा शर्ट मिन्टीच्या हातात होता.

"दे इकडे," केझाया म्हणाली. "कॉलर कशी घासायची ते तुला कुणी शिकवलंय?"

"सात वर्षं मीच घासतेय, मावशी."

"मावशी कुणाची? सवत आहे मी तुझी!"

"बरं, सवतमावशी. शर्ट सोड, फाटेल."

आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. केझाया हसली नाही.

सायरसशी तिचं लग्न थॉर्नहिल मालकाच्या तागाच्या शेतावर झालं होतं. आमच्यात पाद्री नाही की कागद नाही. माणसं गोल उभी राहत आणि जोडपं हातात हात घालून झाडूवरून उडी मारी. नऊ वर्षांनी थॉर्नहिलनं तिला लेक्सिंग्टनच्या एका खाणावळवाल्याला विकलं. पुढच्याच महिन्यात सायरसच्या झोपडीत सोळा वर्षांची मिन्टी आणून ठेवली. गोठ्यात गाय बांधतात तशी. मालकाला गुलामांची पोरं वाढायला हवी होती. उडी नाही, गाणं नाही. हळूहळू दोघांचा संसार जमला, एक मुलगीही झाली.

केझाया छावणीत धावत आली ती नवऱ्याला भेटायला, आणि तिला दिसलं त्याच्या खांद्यावर बसलेलं परक्या बाईचं लेकरू. सायरसनं मान खाली घालून लेकराला खांद्यावरून उतरवलं.

तेव्हापासून तिच्या पोटात निखारा होता. सायरस झोपेत बडबडतो, हे मिन्टीला ठाऊक. थंडीत त्याचा डावा गुडघा धरतो, हेही मिन्टीलाच ठाऊक. केझायाच्या दिवसांत त्याचा गुडघा दुखत नव्हता. त्या दुखऱ्या गुडघ्याचाही तिला हेवा वाटे.

मग मिठागराची बातमी आली. आमची पलटण माघारी वळली, जखमी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी बंडखोरांनी जमिनीवर पडलेल्या काळ्या शिपायांना वेचून वेचून गोळ्या घातल्या. सायरस त्यांतच गेला. मिन्टीनं हंबरडा फोडला, तशी केझाया ओरडली, "तू गप! आधी मी रडणार. माझा होता तो!"

मेलेल्या माणसाचीही वाटणी चालली होती.

मार्च महिन्यात वॉशिंग्टनहून नवा कायदा आला: शिपायाची बायको आणि तिची मुलं मोकळी, शिपाई जिवंत असो वा मेलेला. छावणीत नाच झाला. पण मोकळं झाल्याचा दाखला देणाऱ्या तरुण पाद्रीसाहेबांनी चष्मा पुसत सांगितलं, "एका शिपायामागे एकच बायको." दुसरी आपल्या मालकाकडे परत. सोमवारी निवाडा ठरला.

शनिवारी थॉर्नहिल स्वतः आला. केझायापुढे हॅट काढली त्यानं!

"केझाया, लग्न तुझंच खरं. सगळ्यांसमोर लागलं होतं, मी साक्ष देतो. मिन्टी कोण? नुसती ठेवलेली. तू खरं तेवढं सांग, आणि मोकळी हो."

तिला हवं होतं ते हेच. इतकी वर्षं कुणीतरी तोंड भरून म्हणावं, बायको तूच. म्हणालं कोण, तर ज्यानं तिला विकलं तो. मिन्टी आणि तिची मुलगी परत आपल्या दावणीला बांधायला आला होता तो. केझायाला ते दिसत नव्हतं असं नाही. पण हेव्याला गोड लागतं ते गोडच लागतं. रात्री अंथरुणात ती ओठ हलवत होती: "मी बायको. ती नाही."

रविवारी बार्टली काकांनी बायबलातल्या याकोबाच्या दोन बायकांची, राहेल आणि लेआ या सख्ख्या बहिणींची कथा लावली; मागणी राहेलला घातली होती, पण लग्नाच्या अंधाऱ्या रात्री तंबूत आली लेआ. आधी बोलत होते, मग आवाजाला झोका आला, शब्द सुरात चढले.

"राहेल रडते तंबूत..."

"हो, देवा!" आम्ही म्हणालो.

"लेआ रडते शेजारच्या तंबूत..."

"हो, देवा!"

"एकमेकींचे डोळे ओरबाडतात लेकी! अरे, पण अंधारात लेआला तंबूत ढकललं कुणी?"

कुणी हुंकार द्यायच्या आत केझाया ताडकन उभी राहिली. "लाबानानं!" ती ओरडली. "बापानं, लाबानानं ढकललं तिला! पोरीला कुणी विचारलं होतं का?" आणि मटकन खाली बसली. काका पुढे गायलेच नाहीत. डोळे पुसत राहिले.

सोमवारी टेबलासमोर पाद्रीसाहेबांनी विचारलं, "केझाया, सायरसशी तुझं लग्न झालं होतं?"

"झालं होतं. ते मी नाकारणार नाही." थॉर्नहिल हसला. केझाया त्याच्याकडे वळली. "पण साहेब, दुसरी कुणी आणली ते यांना विचारा. मला विकलं यांनी, तिला घातलं यांनी, आणि आज माझ्या लग्नाची साक्ष द्यायला आले तेही हेच! सायरसनं निळा कोट घातला तेव्हा त्याच्या घरात ही होती, पोर हिच्या कडेवर होतं. दाखला हिला द्या."

"मग तुझं काय?"

"तिलाही द्या हो साहेब!" मिन्टी टेबलाला धरून रडू लागली. "दोघींना द्या!"

पाद्रीसाहेबांनी दोनदा लेखणी उचलली, पण दाखला एकच निघाला, मिन्टीच्या नावाचा. खाणावळवाल्याची गाडी दाराशी उभीच होती. केझाया चढली. मिन्टी चाकामागे धावली तेव्हा ती करवादली, "गळ्यात पडू नकोस. तुझ्यावर माया नाही माझी अजून. पोरीला सांभाळ, तिचे डोळे त्याचे आहेत."

त्याच उन्हाळ्यात खाणावळीत ताप आला आणि ती गेली. सगळ्यांना मोकळं करणारी घटनादुरुस्ती डिसेंबरात झाली.

तर बायांनो, दादांनो, कुठे दोन पिचलेली माणसं एका तुकड्यासाठी भांडताना दिसली, तर त्यांना हसू नका. तो एकच तुकडा पुढे टाकणारा कोण, ते शोधा. आणि आज प्रार्थनेला गुडघे टेकाल तेव्हा एवढं करा माझ्यासाठी: केझायाचं नाव घ्या. सायरसची बायको केझाया, असं पुरतं घ्या.