बटणावरचं कुंकू

मी कपाट बोलतोय. फ्रीज नव्हे! आधी एवढं डोक्यात घ्या, मग पुढचं ऐका. दिसायला पांढरा, दारही तसंच, म्हणून आल्यागेल्यानं थंड पाण्यासाठी मला उघडायचं आणि "अगं बाई, हे तर गरम!" म्हणत दार सताड उघडं टाकून जायचं. अहो, गरमच असणार! त्यासाठीच तर जन्मलो.

औषध किती टिकतं हे तपासायचं कपाट मी. पोटात कायम चाळीस अंशांची ऊब आणि दमट हवा. सहा महिने औषध त्यात तगलं, तर बाहेरही तगेल असा भरवसा. मला टेम्पोतून या शहरात आणलं, तेव्हा क्रांती चौकातल्या गर्दीतच गाडी अडकली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं की इथं आपली धडगत नाही.

आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभा आहे. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे साहेब दार उघडून माझं पोट दाखवणार. झाडलोट करणाऱ्या भागूबाईंनी तर थंडीत माझ्यात विरजणाचं पातेलं ठेवलं. दही झकास लागलं म्हणे. लागणारच! पण मी काय दह्यासाठी आलोय?

इथं औषधांवर संशोधन करणाऱ्या एकट्या द्वारका मॅडम तेवढ्या शहाण्या. त्यांचे वडील कारभारी आबा, वैजापूरकडचे. आबांना गालाचा कॅन्सर झाला, किरणांचा शेक दिला. गाठ गेली, पण शेजारच्या लाळेच्या ग्रंथीही सुकल्या. तेव्हापासून तोंड कोरडंठाक. पाण्याची बाटली हातातून सुटत नाही आणि भाकरी पाण्यात कुस्करल्याशिवाय उतरत नाही.

शेकाआधी दिलं तर ग्रंथी वाचवणारं एक औषध आहे, पण ते उष्णतेत लवकर नासतं. ते टिकावं, गावोगावच्या दवाखान्यांपर्यंत धड पोचावं, म्हणून मॅडमनी त्याची वेगवेगळी मिश्रणं करून बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर शाईनं खूण लिहिली आणि माझ्या हवाली केल्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. सहा महिने भरत आले.

आणि खंडेनवमी उजाडली.

आबा तपासणीसाठी शहरात आले होते. "आबा, इथंच बसा, मी खालची पूजा उरकून येते," म्हणून मॅडम गेल्या. म्हातारा उठला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं खटकन भिंतीवरचं बटण बंद केलं! मी आतल्या आत ओरडतोय, पण कपाटाचं कोण ऐकतो? बाटल्या काढल्या, ओल्या फडक्यानं लख्ख पुसल्या, खिडकीत उन्हात मांडल्या. मग माझं पोट पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. वर हातही जोडले. कपाळ माझं!

मॅडम आल्या त्या दारातच थिजल्या.

"आबा! काय केलं हे?"

"आज खंडेनवमी हाय ना. औत-फाटा धुतो, इसावा देतो, मंग पुजतो. ह्यो बी तुझ्यासाठी लई राबतो, म्हणलं..."

"अहो, बाटल्यांवरच्या खुणा पुसल्या तुम्ही! कोणती कुठली, आता कसं ओळखू? सगळं पहिल्यापासून आलं!"

आबांची जीभ टाळूला चिकटली. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "माझं औषध आसंल म्हणून मी जपून..."

"तुमचं नाही ते!" मॅडमच्या तोंडून निसटलंच. "शेकाच्या आधी द्यायचं औषध आहे. तुमची लाळ आता परत नाही यायची, आबा."

हे त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. मॅडम रडायला लागल्या. मला तर इतका राग आला होता, आणि तरी वाटलं, हे ऐकायला आपण इथं नसतो तर बरं झालं असतं.

आबांनी खिडकीतली एक बाटली उचलून हातात धरली. मग म्हणाले, "दुसऱ्याची तर वाचंल ना?"

"टिकलं तर वाचेल."

"मंग लाव परत."

नव्या बाटल्या आल्या, त्या दिवशी आबा मुद्दाम हजर होते. मी सुरू झालो तसं त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर कुंकवाचं बोट ओढलं. बस्स! इतकी वर्षं सूचना लावून जे झालं नाही, ते त्या एका बोटानं झालं. भागूबाई पातेलं घेऊन येतात, कुंकू बघतात, हात जोडून परत जातात. साहेबसुद्धा पाहुण्यांना लांबूनच दाखवतात.

तेव्हा मायबापहो, हार घाला, नारळ फोडा, माझी ना नाही. पण विसावा तेवढा देऊ नका. मी थकत नाही हो! थांबलो की मात्र सगळं नासतं.

आबा अजून तपासणीला आले की इथं डोकावतात. पाण्याचा घोट घेतात, माझ्या दारावर तळहात टेकवून ऊब बघतात आणि विचारतात, "चालू हायेस ना रं?"

चालू आहे, आबा. तुमच्यासाठी उशीर झाला, पण चालू आहे.