मी थिनरला, हसू नका

एक होता पॉलिशवाला, सगळे त्याला बापू म्हणायचे. एक त्याची बायको, एक त्याची थोरली बहीण आक्का, एक नऊ वर्षांची पोर चिमी. आणि त्या घरातला पाचवा मी. मला ना हात ना पाय. मी एक शब्द आहे. मी ‘थिनरला’ बोलतोय.

घर आणि कारखाना एकाच छपराखाली. पुढच्या खोलीत दोघी नणंदभावजया खुर्च्यांना गाद्या ठोकायच्या. मागच्या खोलीत बापू उग्र वासाच्या थिनरनं पातळ केलेलं पॉलिश फवाऱ्यानं मारायचा. ओल्या पॉलिशवर धुळीचा एक कण बसला तरी दाणा उठतो, मग सगळं घासून पहिल्यापासून. म्हणून काम चालू असताना पंखा बंद, खिडकी बंद आणि कुणी मधेच येऊ नये म्हणून आतून कडी. बापू गात गात काम करायचा. गाणं ऐकू आलं की बाहेरच्यांना कळायचं, सगळं ठीक आहे.

माझा जन्म एका दुपारचा. बापू बाहेर आला, टोपी काढली आणि भिंतीवर टांगली. खिळा तिथून हातभर पलीकडे होता. टोपी पडली. त्यानं उचलली, पुन्हा तिथंच टांगली, पुन्हा पडली. मग शेजारच्या कपाटाला म्हणाला, “आक्का, पाणी दे गं.”

खरी आक्का तोंडातले खिळे हातावर घेत म्हणाली, “अगं ए, बघ तरी! तुझा नवरा पुरता थिनरला!”

बायको हसली, चिमी लोळण घेऊन हसली, बापूही उशिरानं हसला. त्या हसण्यातच मी डोळे उघडले. तिथंच माझं नशीब बांधलं गेलं म्हणा. मी जिथं जाईन तिथं हसू माझ्या मागं.

आणि मी गेलो की हो सगळीकडे! शिंपी एकच बाही दोनदा शिवायला लागला की थिनरला. वर्गात पोरगी खिडकीबाहेर बघत बसली, थिनरली. नवा जावई सासऱ्याच्याच चपला घालून निघाला, थिनरला. गल्लीभर माझा थाट. बापू मात्र आठवड्यातून दोनदा थिनरत होता, आणि घरचे दोनदा हसत होते. तीन वर्षं.

मग त्या बारा खुर्च्या आल्या, वाचनालयाच्या. सकाळी न्यायला गाडी येणार होती. बाहेर वावटळ सुटलेली. बापूनं दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबलं, कडी घातली, गाणं सुरू केलं.

सात खुर्च्या होईपर्यंत गाणं धड होतं. आठवीला चिमी म्हणाली, “आत्या, बाबा तीच ओळ परत परत म्हणतायत.”

“थिनरला असेल. येईल आता कपाटाशी गप्पा मारायला.”

दोघी हसल्या. मला वाटत होतं, आक्काच्या जिभेवरून उडी मारावी, खांदे धरून तिला गदागदा हलवावं. पण शब्दाला हात कुठले?

ओळ अर्धी झाली. मग नुसतं गुणगुणणं. मग तेही नाही. फवाऱ्याची फुसफुस तेवढी चालू. एकाच जागी.

बायकोनं दार वाजवलं. “अहो!”

काही नाही.

“अहो, थिनरलात की काय?” ती हसायला गेली, पण न हसता तिनं दाराला कान लावला. पहिल्यांदाच माझ्या मागं कुणी हसलं नाही. त्या शांततेत आक्कानं माझ्याकडे नीट पाहिलं, असं मला वाटलं. पुढच्या क्षणी तिनं हातोडी उचलली होती.

दार हलेना. ती अंगणातून वळसा घालून खिडकीशी धावली, काच फोडली. उग्र वासाचा लोट तिच्या तोंडावर आला. पदर नाकाला लावून ती आत उतरली आणि कडी काढली. बापू खुर्च्यांच्या मधे पडला होता, फवारा हातात, डोळे उघडे. “चाललंय,” पुटपुटत होता, “चाललंय.” दोघींनी त्याला काखेत धरून फरफटत उघड्यावर आणलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय झालं?”

आक्काच्या तोंडून मीच आलो. “थिनरला.”

“म्हणजे?”

बोलण्यात कुणाला हार न जाणारी आक्का चिमीकडे बघू लागली. चिमीनंच सांगितलं, “म्हणजे आधी गाणं चुकतं. मग टोपी हवेत टांगतात. मग माणसं ओळखत नाहीत. मग पडतात.”

“कधीपासून होतंय?”

“मी पहिलीत होते तेव्हापासून.”

“आणि तुम्ही काय करायचात?”

“हसायचो,” चिमी म्हणाली.

दोन दिवस मी कुणाच्या ओठांवर आलो नाही. तिसऱ्या दिवशी बापूनं डोळे उघडून आक्काला आक्काच म्हटलं, आणि ती पदरात तोंड घालून रडली.

आता त्या खोलीला मोठा पंखा आहे, वाफ बाहेर ओढणारा. बापूच्या नाकातोंडावर जाड मुखवटा असतो. कडी आक्कानं स्वतः उपटून फेकली. गाणं मुखवट्यातून घुमतं, पण ऐकू येतं.

तुम्ही मला खुशाल वापरा. फक्त हसण्याआधी त्या माणसाकडे एकदा नीट बघा.

परवा बापूनं मुद्दाम एक ओळ चुकवली. चिमी ओरडली, “थिनरले!” कुणी हसलं नाही. दार धाडकन उघडलं, आक्का हातोडीसकट आत.

“अगं, चेष्टा केली गं!”

“आधी बाहेर हो. मग कर चेष्टा.”

बापू निमूट बाहेर आला. टोपी काढली आणि न बघता टांगली. पहिल्याच फटक्यात, खिळ्यावर.