दोन आळ्यांचा एक ढोल

मी ढोल बोलतोय. आता माझं बोलणं म्हणजे शेजारच्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात असलं, पण त्याला माझा इलाज नाही. लुझोन बेटावरच्या सांता मोनिका गावात वरच्या आळीचा बँड आहे, त्यातला सगळ्यात जाडा तो मी. फणसाच्या लाकडाचं कडं आणि दोन्ही अंगांना बोकडाचं कातडं. त्या दोन बोकडांचं आपसात कधी पटलं नसावं, कारण माझी डावी बाजू घुमते आणि उजवी कुरकुरते. मला वाजवतो तेबान. मी त्याच्या पोटावर चढलो की समोरून त्याची नुसती टोपी दिसते.

आमच्या बँडचे सिरियाको मास्तर बहात्तर वर्षांचे. यंदाची जत्रा झाली की बँडला ताल द्यायची छडी खाली ठेवायची असं त्यांनी ठरवलं होतं. ठेवण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्यांना जत्रेतल्या सामन्यात खालच्या आळीच्या बँडला हरवायचं होतं. नऊ वर्षं ओळीनं आम्ही मार खाल्ला होता.

खालच्या आळीचा मास्तर फोर्तुनातो. आमच्याकडे त्याला अरेतुरेच करायची पद्धत होती. एके काळी तो आमच्याच बँडात सनई वाजवायचा आणि मास्तरांचा जिवलग होता. त्याच्या लग्नासाठी मास्तरांनी स्वतः एक चाल बांधली. तालमीत फोर्तुनातो म्हणाला जलद घेऊ, मास्तर म्हणाले सावकाश. एवढ्यावरून जुंपली. तो म्हणाला, तू छडी हलवतोस की माश्या मारतोस. मास्तर म्हणाले, तुझी सनई म्हणजे बाळंतपणाला अडलेली बदकीण. झालं. अकरा वाजवणारे घेऊन तो खाली गेला, त्या चालीचा कागदही त्याच्या कागदांच्या पेटीत गेला आणि बावीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

चर्चमध्ये मात्र पंचाईत व्हायची. मिस्सेच्या प्रार्थनेत फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे शेजारच्याचा हात हातात घेतात. फोर्तुनातो नेमका उजव्या हाताला बसलेला असायचा. मग आमचे मास्तर झटकन डावीकडे वळून खांबाला हात लावायचे. बावीस वर्षांत खांबाचा तेवढाच रंग उडाला. बँड चर्चमध्येही वाजायचा, म्हणून मी कोपऱ्यातून सगळं बघायचो. जत्रेच्या सकाळी फादरनी नेमकं 'वैऱ्यावर प्रीती करा' हेच वचन घेतलं, आणि मास्तरांना खोकला लागला. नको ते कानावर आलं की त्यांना खोकला लागतो.

जेवणं आटोपली आणि चौकात दोन्ही बँड समोरासमोर उभे राहिले. आमच्याकडचा नियम सोपा आहे. एक चाल यांनी वाजवायची, एक त्यांनी, आणि एकदा वाजलेली पुन्हा नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेआधी ज्याला उत्तर देता येणार नाही, तो हरला.

तिसऱ्याच फेरीला खालच्या आळीतून 'फट्' असा आवाज आला. त्यांचा ढोल फाटला होता. त्यांची ढोलवाली पासिता, हुशार बाई, पण त्या दिवशी अक्कल गहाण पडली होती. कातडं ताणलं जावं म्हणून तिनं ढोल सकाळपासून डुक्कर भाजायच्या खड्ड्याशी शेकत ठेवला होता. डुक्कर नीट भाजलं, ढोल जरा जास्तच भाजला.

ढोलाशिवाय उत्तर नाही आणि उत्तराशिवाय जीत नाही. आमची आळी नाचायला लागली. तेबाननं तर मला घेऊन गिरकी मारली आणि दोघा पिपाणीवाल्यांना पाडलं. फोर्तुनातो मान खाली घालून उभा होता. त्याची सनई हातातच होती.

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तेबान, ढोल घेऊन पलीकडे जा."

"मास्तर, आपण जिंकलोय."

"बावीस वर्षं मी खांबाला शांती देतोय. खांबाला तिचा काय उपयोग? जा म्हणतो ना."

तेबान गेला. रडत गेला, पण गेला. आणि मग काय सांगू तुम्हाला, माझ्या जन्मात अशी धावपळ झाली नाही! आमची चाल संपली की तेबान मला पोटावर घेऊन चौक ओलांडायचा, पासिताच्या गळ्यात अडकवायचा आणि धापा टाकत तिथेच बसायचा. त्यांची संपली की परत. शेवयांची परात आडवी आली तिच्यावरून, कोंबड्या आडव्या आल्या त्यांच्यातून. तेबानचा हात जड आणि पासिताचा हलका, त्यामुळे मला आपण कोण आहोत तेच कळेनासं झालं. सातव्या फेरीपासून पासिता त्याला पाणी देऊ लागली, आणि आठवीपासून तेबान जरा जास्तच जोरात धावू लागला.

उन्हं कलली. आमच्या पेटीतला शेवटचा कागद वाजून संपला. मास्तरांनी बघितलं, पेटी रिकामी. आता पलीकडून एक चाल आली की खेळ खलास. फोर्तुनातो आपली पेटी उपसत होता. तळातून त्यानं एक पिवळा पडलेला कागद काढला, आपल्या माणसांना दाखवला आणि सनई तोंडाला लावली.

तीच लग्नाची चाल. आणि सावकाश! मास्तरांना हवी होती तशी, अगदी बैलगाडीच्या चालीनं.

आमच्या मास्तरांच्या हातातली छडी गळून पडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. त्यांनी छडी उचलली, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "आत्ता सगळ्यांनी ऐकली ना? चला. पण त्याला हवी तशी. जलद."

तेबान मला परत न्यायला उठला, पासिता मला सोडेना, आणि ओढाओढीत आम्ही तिघं चौकाच्या मधोमध अडकलो. मग डावीकडून पासितानं सावकाश बडवलं आणि उजवीकडून तेबाननं जलद. एकच चाल, दोन चालींनी, चाळीस माणसं वाजवत होती! कुत्री पळाली. फादर कानात बोटं घालून हसत होते. म्हाताऱ्या नाचायला उतरल्या आणि कुठल्या तालावर पाय टाकावा ते न कळून एकमेकींवर पडल्या. इतकं भयंकर संगीत त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं, आणि मी तर सुखानं फुटायचाच राहिलो. घंटा झाली तेव्हा कुठे सगळे थांबले.

नियम म्हणजे नियम. आमची पेटी आधी रिकामी झाली, म्हणजे आम्ही दहाव्यांदा हरलो. मास्तरांनी छडी ठेवली ती ठेवलीच.

पुढच्या रविवारी फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. मास्तर सवयीनं डावीकडे वळले. खांबापुढे फोर्तुनातो मास्तर उभे होते, हात पुढे करून. हो, आता मीही मास्तर म्हणतो. आमच्या मास्तरांनी तो हात घेतला, बराच वेळ धरला आणि पुटपुटले, "खांब बरा होता रे. त्याच्या हाताला घाम नव्हता."

"खांबाला विचार, तुझ्या हाताबद्दल त्याचं काय मत आहे," फोर्तुनातो मास्तर म्हणाले. त्यांनीही हात सोडला नाही.

आता मी सहा महिने वर असतो, सहा महिने खाली. उजवं कातडं खालच्या आळीनं नवं घातलंय, त्यामुळे कुरकुर थांबली. कडं मात्र धावपळीत आपटून चेपलंय. एवढंच मागतो, कुणी कितीही म्हणालं तरी ते सरळ करू नका. बरं, येतो. तेबान पट्टा घेऊन आलाय, आज त्याला पलीकडे जायची फार घाई आहे.