सगळ्यांचा माळ

बावीस वर्षं मी जमिनीतला धातू शोधणारं मशीन हातात धरून आणि कानाला हेडफोन लावून इंग्लंडमधल्या नॉरफोकची शेतं तुडवली. हाती काय लागलं, तर शिशाच्या गोळ्या, कोटाची बटणं आणि एक वाकडा चमचा. आमच्या क्लबात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पबच्या मागच्या खोलीत सगळे आपापली लूट हिरव्या कापडावर मांडतात, मतं पडतात, आणि ज्याची वस्तू सरस त्याला पितळी कप महिनाभर घरी न्यायला मिळतो. मी क्लबाचा चिटणीस. कप घासूनपुसून ठेवायचं काम माझं, घरी न्यायची वेळ मात्र कधी आली नाही.

रॉय लार्टर हा निवृत्त पोस्टमन. मशीन कसं धरायचं इथपासून त्याला मी शिकवलं. खड्डा बुजवून वरचं गवत जसंच्या तसं कसं बसवायचं, तेही मीच. गुरूची विद्या गुरूलाच फळली. आठ महिन्यांत त्याने तीनदा कप नेला. वर प्रत्येक वेळी सगळ्यांदेखत म्हणायचा, ही मॉरिसची कृपा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मार्चमध्ये एकदा तो चहाला आला होता. बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, "मॉरिस, चर्चमागच्या माळावर मशीन फिरवलं तर चालतं का रे? लोक म्हणतात, तो सगळ्यांचा आहे."

आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी थाप. सार्वजनिक जागा म्हणजे बिनमालकीची जागा, असं लोक खुशाल धरून चालतात. माळ ग्रामपंचायतीच्या मालकीचा आहे. तिथे कुत्रं फिरवा, पतंग उडवा, कुणी विचारणार नाही. पण खणायचं तर लेखी परवानगी लागते. बागांचं तेच, समुद्रकिनाऱ्याचंही तेच. हे सगळं सांगणारं क्लबाचं पत्रक मीच लिहिलंय. रॉयला एक दिलंही होतं, पण मी असताना ते वाचायची त्याला कधी गरज वाटली नाही. आणि नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः त्या माळासाठी अर्ज केला होता. पंचायतीने नकार कळवला होता.

"सगळ्यांचाच आहे की," मी म्हणालो. "जा खुशाल."

मला वाटलं, कुणीतरी हटकेल, चारचौघांत शोभा होईल, आणि गडी जरा जमिनीवर येईल. एवढंच माझ्या मनात होतं. एवढंही कमी नव्हतं म्हणा.

चौथ्या दिवशी त्याला मडकं सापडलं. आत कुठल्याशा जुन्या राजाची एक्केचाळीस चांदीची नाणी. मी दोन रात्री झोपलो नाही. रॉयने मात्र शिकवल्याप्रमाणे खणणं तिथेच थांबवलं आणि जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला स्वतः फोन केला. अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो परवानगीचा.

प्रकरण पंचायतीपुढे आलं. असल्या ठेव्याचं बक्षीस जमीनमालक आणि शोधणारा यांच्यात वाटलं जातं, पण परवानगीशिवाय खणणाऱ्याच्या हाती धुपाटणंही येत नाही. वर क्लबातून हकालपट्टी. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, खिशात ते पत्रक घेऊन. रॉयने माझं नाव घेतलं असतं, तर मी ते पुढे करणार होतो.

पंचायतीच्या चिटणीस हिलरी बन बाईंनी चष्मा काढून विचारलं, "लार्टर, परवानगी लागत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

रॉयने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही. लोक म्हणतात ते खरं धरलं. विचारायला हवं होतं. चूक माझी."

मग बाईंनी मला विचारलं, क्लबाचं काय म्हणणं. मी मूग गिळून बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी उठलो आणि पत्रक त्यांच्या टेबलावर ठेवलं. आम्ही प्रत्येक सभासदाला नियम देतो, म्हणालो. लार्टर यांनाही दिले होते.

पंचायतीने त्याचा वाटा नाकारला. क्लबातून त्याचं नाव काढल्याची नोंद त्याच संध्याकाळी मी माझ्या हाताने केली.

त्यानंतर दोन दिवसांनी तो बेकरीसमोर भेटला. पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "सभेच्या आदल्या दिवशी बन बाईंनी मला जुनी फाइल काढून दाखवली होती. तुझा अर्ज होता तिच्यात. नऊ वर्षांपूर्वीचा."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला काढलं असतं." त्याने पिशवी काखेत धरली. "मला मडकं सापडलं रे. कुणी दिलं नाही तरी ते मी माझ्या हाताने उचललंय. तुला एवढ्या वर्षांत काही मिळालं नाही. निदान क्लब तरी राहू दे."

माझ्या खांद्यावर थोपटून तो घराकडे निघाला. खरं तर लाज वाटायला हवी होती. पण तो रस्ता ओलांडेपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो, आणि माझ्या पोटात दुखलंच. एवढं चांगलं वागणंसुद्धा त्यालाच जमावं.