गाडीत नसलेली नऊ माणसं

फुलसावंगीहून उमरखेडला जाताना आमच्या गाडीवर रोही आली, तेव्हा गाडीत दोनच माणसं होती. माझा मुलगा संघदीप चालवत होता आणि मी त्याच्या शेजारी बसले होते. तूर फुलावर आली होती. त्या तुरीतून ही घोड्याएवढी नीलगाय निघाली, बोनेटवर आदळली, समोरची काच फोडली, उठली आणि पलीकडच्या तुरीत निघून गेली. तिने कुठे तक्रार केली नाही. आम्हाला करावी लागली, आणि ती सात महिने पुरली.

आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचं मात्र तोंड आत गेलं होतं. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला तेव्हा संघदीप तिथल्या स्टुलावर बसला तो उठेचना. तो महागावला मास्तर आहे, दोन वर्षांपूर्वी जुनीच गाडी कर्ज काढून घेतलेली. विम्याचे पैसे आले तर दुरुस्त करू, नाही तर आहे तशी विकून टाकू, असं त्याने त्या स्टुलावरच ठरवलं.

विकून टाकू म्हटल्यावर मला माझा रविवार गेलेला दिसला. उमरखेडला जमनी राहते. ती तांड्यावरची आणि मी बौद्धवाड्यातली. आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून आम्ही एकाच ओळीत कापूस वेचला आणि वजन वाढावं म्हणून त्यात एकीने पाणी शिंपडलं, दुसरीने पहारा दिला. आता ती लेकाकडे असते. तिचे पाय गेले आणि माझ्या गुडघ्यांनी एसटीची पायरी सोडली. गाडी आली तेव्हापासून दर रविवारी मी तिच्याकडे जात होते आणि आम्ही चिंचोके लावून पत्ते खेळत होतो.

घरी हे कोणाला माहीत नव्हतं. घरी मी सांगितलं होतं की उमरखेडला डोळ्यांचा डॉक्टर आहे. संघदीप मला चौकात सोडायचा आणि दोन तासांनी तिथूनच उचलायचा. खोटं बोलण्याला कारण होतं. संघदीपचे वडील एका पोळ्याला बैलजोडी पत्त्यांत हरले. त्या वर्षी दारासमोरून गावचे बैल सजून गेले आणि आमचा पोरगा रिकाम्या गोठ्यात बसून राहिला. तेव्हापासून आमच्या घरात एक्का हा शब्दसुद्धा उच्चारला जात नाही. त्या पोळ्याला डाव कोणी सांगितला होता, हे मात्र त्याला अजून माहीत नाही. मागे बसून मीच सांगितला होता. पानं चांगली होती.

असो. महिन्याभराने विमा कंपनीचा तपासनीस गावात आला. पाठीवर बॅग, हातात मोबाईल. आमच्या घरी येण्याआधी तो लखनच्या चहाच्या टपरीवर बसला आणि घोळ तिथेच झाला. गाडीत कोण कोण होतं, असं त्याने सहज विचारलं. वामनराव, आमचे रिटायर पोस्टमन, म्हणाले की मी होतो. मग किसनराव म्हणाले की मीही होतो, मागच्या सीटवर, आणि कंबर दाखवली. चहा ओतता ओतता लखन म्हणाला की मीही होतो. असं करत नऊ जण झाले. तपासनिसाने सगळ्यांचा व्हिडिओ काढला. नवव्याने तर जाता जाता विचारलं की माझा फोटो नीट आला का.

याला आमच्या गावात खोटं म्हणत नाहीत, मदत म्हणतात. माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी वऱ्हाडाचा एक ट्रक नाल्यात कलंडला होता. ट्रकात तीस माणसं होती आणि भरपाईच्या यादीत बासष्ट नावं निघाली. एकजण तर यादीत होता आणि त्याच दिवशी पुसदच्या कोर्टात तारखेलाही हजर होता. साहेबांनी हात टेकले आणि सगळ्यांना थोडंथोडं वाटून दिलं. तेव्हापासून गावाचं मत पक्कं आहे, जितकी माणसं जास्त तितकी केस वजनदार.

कंपनीचं पत्र आलं. गाडीची क्षमता पाच, प्रवासी अकरा, सबब दावा नामंजूर.

संघदीप पत्र घेऊन टपरीवर गेला. वामनरावांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आम्ही तर तुह्याच बाजूनं बोललो ना बापा."

मग तक्रारी सुरू झाल्या. संघदीप रोज संध्याकाळी कंपनीला फोन लावायचा. तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असं एक बाई सांगायची आणि गाणं लावून निघून जायची. एक दाबा, दोन दाबा, परत गाणं. आमची नात खुशी सात वर्षांची. ती त्या गाण्यावर नाचायला शिकली. तीन महिन्यांनी कंपनीने लेखी कळवलं की तक्रारीचं समाधानकारक निवारण झालेलं आहे. समाधान कोणाचं ते लिहिलं नव्हतं.

शेवटी माझी सून ममता पदर खोचून बसली. ती आशाताई आहे, आयुष्य फॉर्म भरण्यात गेलं आहे तिचं. तिने विमा लोकपालाकडे अर्ज केला, आणि आठवड्याच्या मधल्या वारी मोबाईलवर सुनावणी ठरली.

नऊ जणांना अंगणात बोलावलं. गाडीत नव्हतो एवढंच सांगू, असं त्यांनी कबूल केलं होतं. कुठे होतो ते मात्र एकही जण सांगायला तयार नव्हता, कारण त्या रविवारी प्रत्येकाने घरी काहीतरी वेगळंच सांगितलेलं होतं. आणि त्यांच्या बायका कुंपणापाशी उभ्या होत्या.

मोबाईल पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. एका चौकटीत लोकपालांच्या कार्यालयातल्या मॅडम, दुसरीत कंपनीचा माणूस. तो टाय लावून बसला होता. तो म्हणाला की ही माणसं तेव्हा होतो म्हणाली, आज नव्हतो म्हणतात, म्हणजे एकदा तरी खोटं बोलली. कोणतं खरं मानायचं? मॅडमनी विचारलं की नव्हतात तर त्या वेळी होता कुठे. नऊ जणांनी कुंपणाकडे पाहिलं. संघदीपने माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्याची मान खाली गेली, तशीच, जशी त्या पोळ्याला गेली होती.

मी खुर्ची पुढे ओढली.

"मी सांगतो मॅडम," मी म्हणाले. "गाडी निघाली तवा हे वामनराव घरच्या खिडकीत होते. मिशीले काळं लावून राह्यले होते. मले पाहून टावेल घेतला तोंडावर."

वामनराव सत्तरीचे आहेत आणि मिशा जन्मजात काळ्या आहेत, असं वीस वर्षं सांगत होते.

"हे किसनराव. यांचा गुडघा दुखते म्हणून घरचं पाणी बायको भरते. हे माह्या पेरूच्या झाडावर होते. वरच्या फांदीवर."

कुंपणापाशी काहीतरी हललं. मी थांबले नाही. लखन गॅसचं सिलिंडर आणायला आर्णीला गेलो म्हणून सांगत होता. तो सासरी गेला होता, रुसलेल्या बायकोच्या पाया पडायला. तिच्या मावशीने मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. अशी सहा माणसं मी गाडीतून खाली उतरवली. उरलेल्या तिघांनी आपण होऊन हात वर केले आणि आम्ही लिहून देतो म्हणाले.

मॅडम लिहून घेत होत्या. तेवढ्यात टायवाला खाकरला.

"एक प्रश्न आहे. दाव्याच्या फॉर्मवर प्रवासाचं कारण दिलंय, आईच्या डोळ्यांची नियमित तपासणी, दर रविवारी. ज्या आजींना दर आठवड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागतं, त्यांना चालत्या गाडीतून खिडकीतली मिशी दिसली?"

मी सांगितलेली सहाच्या सहा माणसं परत गाडीत बसायला लागली, असं मला दिसलं.

डोळे अधू आहेत म्हटलं तर गाडी गेली. चांगले आहेत म्हटलं तर डॉक्टर गेला आणि त्याच्यामागून काय निघेल ते मला माहीत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी, दुसऱ्यांच्या मिशा आणि पेरू काढताना मजा वाटली होती. आता माझी पाळी आली. आली तर आली.

"माहे डोळे चांगले आहेत," मी म्हणाले. "मोतीबिंदू काढून चार वर्षं झाले. मी डॉक्टरकडे जात नाही. मी जमनीकडे पत्ते खेळाले जातो."

संघदीपची मान वर आली. मी त्याच्याकडे न बघता मोबाईलकडे बोट केलं.

"अन् तुमच्या मागं कॅलेंडर आहे साहेब. मागच्या महिन्याचं पान अजून फाडलं नाही तुम्ही. सोळा तारखेवर कोणीतरी पेनानं 'डास अगरबत्ती' लिहून ठेवलं आहे."

त्याने मागे वळून पाहिलं. मॅडमनी वहीत तोंड घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. मग त्यांनी विचारलं, कंपनीला आणखी काही विचारायचं आहे का. कंपनीला नव्हतं.

मोबाईल बंद झाल्यावर अंगण भराभर रिकामं झालं. किसनराव सगळ्यांत पुढे होते, गुडघा अजिबात न दुखता. ममता माठ जागेवर ठेवत म्हणाली, "आत्याबाई, रविवारी तो दवाखाना बंद असते. मले पहिल्या रविवारपासून माहीत आहे."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही आल्यावर दोन भाकरी जास्त खात होत्या. म्हणून."

संघदीप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "चिंचोक्यावरच ना, माय?" मी हो म्हटलं. त्याने भाजी मागून घेतली.

महिन्याने निकाल आला. कंपनीने थोडीफार कापाकापी करून पैसे दिले आणि गाडीचं तोंड बाहेर आलं. या सगळ्यामुळे संघदीपला विम्याचं भूतच लागलं होतं. त्याने कपिलला बोलावलं. कपिल गावातलाच एजंट. सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच आरोग्य विमा, असं त्याने समजावलं. मग माझं वय विचारलं, मोबाईलवर बोटं फिरवली आणि हप्ता सांगितला. तो ऐकून संघदीपला ते गॅरेजमधलं स्टूल आठवलं असावं.

"काकूंचं नाव काढलं तर एकदम खाली येते पाहा," कपिल हळूच म्हणाला. हळूच बोललेलं मला जास्त ऐकू येतं. नांगर, वखर, बैल, कर्ज, सगळ्यांत ज्या घराने माझं नाव घातलं, त्या घराच्या यादीतून मी मोबाईलवरच्या एका बोटाने बाहेर गेले, म्हटल्यावर वाईट वाटायचं ते वाटलं.

ममताने त्याच्या हातातला कागद घेतला. सत्तरीच्या वरच्यांचं सरकारी कार्ड निघतं, पाच लाखांपर्यंतचं, ते आपण गावात शंभर जणांचं काढून दिलं आहे, असं तिने त्याला ऐकवलं. माझं कार्ड तिने काढलं आणि कपिलकडे तिघांचीच पॉलिसी घेतली, ती परवडली. वामनरावांना हे कळल्यावर ते विचारत आले की पॉलिसीतही गाडीसारखी पाचांची जागा असेल तर उरलेल्या दोनांत त्यांचं नाव घालता येईल का. संघदीपने हात जोडले.

पुढच्या रविवारी गाडी निघाली. चौकात न थांबता संघदीपने थेट जमनीच्या दारात लावली. मागच्या सीटवर वामनराव होते. उमरखेडला काम आहे म्हणाले होते, पण आले आमच्यासोबत आतच. मिशी पांढरी ठेवली होती. आता लपवायचं कोणापासून. जमनीने त्यांना पाहिलं आणि मला विचारलं, "हाच का तो टावेलवाला?" मग त्यांच्या हातात पानं दिली. संघदीप बाहेर गाडीत बसून राहिला. अर्ध्या तासाने पाणी प्यायला म्हणून आत आला आणि माझ्या मागे उभा राहिला. मी इस्पिकची राणी टाकणार, तोच त्याने माझ्या खांद्यावर बोट दाबलं. मी दुसरं पान टाकलं. डाव आमचा झाला.

वामनराव चाळीस चिंचोके हरले. संध्याकाळी गावात परतल्यावर ते टपरीवर सगळ्यांना सांगत होते की आज मी संघदीपच्या गाडीतून उमरखेडला जाऊन आलो, मागच्या सीटवर बसून.

कोणी विश्वास ठेवला नाही.