अकरा नंबरचा फॉर्म

"माझ्याच टॅक्सच्या फॉर्ममध्ये टाकू की तुझं उत्पन्नपण," जेवता जेवता रुपेश म्हणाला. "फॉर्म बारा. दहा मिनिटांचं काम."

"बारा नंबर तुझ्यासारख्या पगारदारांचा. धंदेवाल्यांचा अकरा," गिरिजा म्हणाली. "आणि आपण गेल्या वर्षीच वेगळी आकारणी मागितली आहे. विसरलास?"

रुपेश विसरलाच होता. "पण टॅक्स तेवढाच पडतो ना?"

"तेवढाच. पण फॉर्म माझ्या नावाचा."

आयर्लंडमधल्या कासलबारला ती आली ती रुपेशची बायको म्हणून. तो इथल्या कारखान्यात इंजिनिअर, आणि ती प्रत्येक कागदावर 'डिपेंडंट'. मग एकदा शेजारच्या ब्रीजबाईंच्या नातीचा आयरिश डान्सचा ड्रेस तिने कमरेत सैल करून दिला. त्यानंतर गावातल्या मुलींचे ड्रेस तिच्या स्वयंपाकघरात येऊ लागले, ते थांबलेच नाहीत.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन बसली. कराडहून आलेल्या सासूबाई, उषाताई, समोर मटार सोलत होत्या. दोरे, चेन, अस्तर हा खर्च गिरिजाने भराभर लिहिला. नव्या मशीनपाशी मात्र ती अडली. मशीनची किंमत एकदम वजा होत नाही, आठ वर्षांत वाटून टाकायची असते, हे तिने तीनदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आकडा जुळला तशी तिने टाळीच वाजवली.

राहिला व्यवसायाचा रकाना. ती जरा थांबली आणि तिने इंग्रजीत 'शिवणकामात मदत' असं लिहिलं.

तेवढ्यात ब्रीजबाई नातीचा ड्रेस न्यायला आल्या. चष्मा सावरत त्या स्क्रीनवर वाकल्या.

"हेल्प? कुणाला हेल्प?" त्या कडाडल्या. "यू आर अ ड्रेसमेकर, गर्ल!"

गिरिजाचे कान तापले. तिने आधीचं खोडलं आणि एकेक अक्षर दाबत 'ड्रेसमेकर' लिहिलं. तो शब्द रकान्यात अगदी ऐसपैस बसला. मग सगळं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचून तिने बटण दाबलं. फॉर्म पोचल्याची पावती आली. वर तिचं पूर्ण नाव होतं. ती खुदकन हसली.

"काय म्हंत्यात?" उषाताईंनी विचारलं.

"फॉर्म मिळाला म्हणतात. आता टॅक्स भरायचा."

"म्हंजी पैसं द्यायचं? आन् तू हसत्येस व्हय गं?"

"आजवर माझ्याकडे कुणी मागितलेच नव्हते ना, आई."

उषाताईंनी सोललेले मटार बाजूला सारले. मग उठल्या, कपाटातून साखरेचा डबा काढला आणि चिमूटभर साखर सुनेच्या तळहातावर ठेवली. ब्रीजबाईंनीही आपला हात पुढे केला, तशी त्यांनाही चिमूटभर मिळाली. कशाची साखर ते न विचारताच त्यांनी ती तोंडात टाकली.